कुणाकडं उतरायचं?

खुटबावातून मुंबईला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "उतरायचं कुणाकडं?" काम काय, गाडी कोणती, परत कधी, हे सगळं त्यानंतर. मुंबईत आपलं कुणी नाही आणि तरी तिथं रात्र काढायची, ही गोष्ट गावाला अजून पुरती पटलेली नाही. विचारण्यात काळजी असते, तशी थोडी चौकशीही. कोण कुणाच्या दारात जातंय, कुणाचं कुणाशी अजून बरं आहे, हे त्या एका उत्तरातून कळतं.

खुटबाव दौंड तालुक्यात, पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मधलं आमचं स्टेशन. शटल थांबते, लांबपल्ल्याच्या गाड्या फलाट हादरवत निघून जातात. ऊस, गूळ, दूध हे इथलं अर्थकारण. पुणे आम्हाला परगाव वाटत नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी धारेच्या वेळेला परत येणारी माणसं घरोघर आहेत. पुण्यात रात्र काढायची वेळ येते ती बहुतेक दवाखान्याच्या निमित्तानं. हौसेनं मुक्काम करायचा तो मुंबईतच.

या मुक्कामाला आमच्याकडं एक जुनी उतरंड आहे. सगळ्यात वर नातेवाईक. सासरे सांगायचे, त्यांच्या लहानपणी वरळीच्या बीडीडी चाळीत चुलत्यांची खोली होती. या चाळी इंग्रजांच्या काळात, १९२०च्या दशकात बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात चुलते, त्यांचं कुटुंब, गावाकडून आलेला एखादा नोकरी शोधणारा भाचा आणि शिवाय पाहुणे. पाहुण्यानं निजायचं गॅलरीत, आंघोळ करायची मोरीत, आणि निघताना गुळाची ढेप, शेंगा, बाजरीचं पीठ ठेवून यायचं. हिशेब कुणी मांडत नसे, पण तो पक्का लक्षात असे. चुलत्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा सगळी मांडवझळ खुटबावच्या घरानं सोसली. मुंबईतल्या त्या रात्रींचं भाडं असं वीस वर्षांनी चुकतं झालं.

ज्यांचं कुणीच नव्हतं त्यांच्यासाठी आमदार निवास. मनोरा, आकाशवाणी, मॅजेस्टिक, विस्तारित ही नावं ग्रामीण महाराष्ट्राला गेटवे ऑफ इंडियाइतकीच पाठ आहेत. आमदाराची चिठ्ठी खिशात असली की मंत्रालयातलं काम, पोराची मुलाखत, जे. जे.तला पेशंट, सगळ्याला छप्पर मिळायचं. खोली आमदाराच्या नावावर, झोपायचा अख्खा मतदारसंघ. आकाशवाणी आमदार निवासाच्या कँटीनमधल्या वरणावरून २०२५च्या जुलैत जे रामायण झालं ते साऱ्या महाराष्ट्रानं मोबाइलवर पाहिलं. आमच्याकडच्या जुन्या जाणत्यांना त्यातल्या मारहाणीचं वाईट वाटलं, वरणाचं नवल वाटलं नाही.

त्याखाली धर्मशाळा आणि लॉज. लॉज हा शब्द आमच्याकडं अजूनही जरा खालच्या आवाजात उच्चारतात. बायका बरोबर असतील तर नकोच.

या उतरंडीत आता एक नवी पायरी आली आहे. दिवसाच्या भाड्यानं मिळणारा फ्लॅट. मोबाइलवर फोटो बघायचे, पैसे भरायचे, दाराचं कुलूप नंबर दाबून उघडायचं. मालक भेटत नाही, व्यवस्थापक भेटत नाही, चिठ्ठी लागत नाही, ढेप लागत नाही. गेल्या दिवाळीत आम्ही असा फ्लॅट घेतला. त्याबद्दल लिहिताना कौतुक आणि कुरकुर दोन्ही लिहिते, कारण फोटोंखाली लोकांनी दिलेल्या शेऱ्यांत मला दोन्हीपैकी एकच सापडत होतं.

निघायचं कसं, इथूनच सुरुवात. दुभत्या जनावरांच्या घरात सगळ्यांना एकदम सुट्टी नसते. थोरल्या दिरांनी गोठा सांभाळायला मागं राहायचं ठरवलं. त्या आठवड्यात मोटारीला वीजही रात्रीची होती, तेव्हा उसाला पाणी द्यायला कुणीतरी हवंच होतं. गाळप १ नोव्हेंबरला सुरू होणार होतं. एकदा ऊसतोडीची गडबड लागली की मग कुणी हलत नाही. म्हणून भाऊबीज उरकल्यावरचे मधले दिवस धरले. सासूबाई, थोरल्या जाऊबाई, त्यांची दोन पोरं, आमची मुलगी, माझे पती आणि मी.

सात माणसं कुणाच्या दारात नेऊन उभी करायची? भांडुपला सासूबाईंचा मावसभाचा राहतो. माणूस दिलदार. पण घर वन बीएचके, मुलगा बारावीला, आणि त्याची बायको सकाळी साडेसातच्या लोकलनं नोकरीला जाणारी. तिच्या जागी मी असते तर सात पाहुण्यांच्या बातमीनं मला ताप भरला असता. हॉटेलच्या तीन खोल्या परवडत नव्हत्या आणि सासूबाईंना मधुमेह, बाहेरचं दोन्ही वेळ चालत नाही. स्वयंपाकघर असलेला दोन बेडरूमचा फ्लॅट या सगळ्यावर तोडगा वाटला. परळ-लालबागच्या बाजूला, जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतीत तो मिळाला.

बुकिंग झालं आणि तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना आल्या. कुलपाचा नंबर, वायफायचा पासवर्ड, आणि शेवटी एक ओळ: गेटवर विचारलं तर फ्लॅट नंबर सांगा, नातेवाईक आहोत म्हणा, बुकिंग आहे असं सांगू नका.

मी ती ओळ पुन्हा वाचली. नातेवाइकांकडे उतरण्याची भीड वाटली म्हणून पैसे मोजून फ्लॅट घ्यायचा आणि त्याच्या दारात आपण नातेवाईक आहोत असं खोटं बोलायचं! पतींनी सगळ्यांना शटलमध्येच पढवून ठेवलं. गेटवर वॉचमननं विचारलं, "किसके यहाँ?" पतींनी नंबर सांगितला. "रिश्तेदार हैं?" यावर सासूबाई पुढं होऊन म्हणाल्या, "न्हाई बाबा, भाडं भरलंय आम्ही. फुकटचं न्हाई." वॉचमन हसला, वहीत 'गेस्ट' लिहिलं आणि लिफ्ट दाखवली. त्याला सगळं ठाऊक होतं. रोजच्या रोज नवे नातेवाईक येणारं घर त्यानं पूर्वी कुठं पाहिलं असणार?

हा खोटेपणा लागतो कशासाठी, हे समजून घ्यायला सोसायट्यांच्या कारभारात डोकवावं लागतं. गृहनिर्माण संस्थेतला फ्लॅट राहण्यासाठी असतो. तो भाडेकरूला दिला तर संस्था बिनभोगवटा शुल्क लावते, आणि राज्य सरकारच्या २००१च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी लागते. ही सगळी चौकट अकरा महिने राहणाऱ्या माणसाच्या मापाची आहे. चार दिवसांसाठी आलेल्या, नाव-गाव फक्त एका अ‍ॅपला ठाऊक असलेल्या सात जणांना या चौकटीत कुठं बसवायचं? बहुतेक संस्था सरळ नाही म्हणतात. बहुतेक फ्लॅटवाले त्यांना विचारतच नाहीत. मग गेटवर पाहुणे व्हावं लागतं.

सरकारकडं योजना आहेत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची 'न्याहारी व निवास' योजना कोकणात फिरणाऱ्यांना माहीत असेल. केंद्राचीही तशीच एक आहे, जास्तीत जास्त सहा खोल्यांची. केंद्राच्या योजनेत मुख्य अट ही, की घरमालकानं कुटुंबासह त्याच घरात राहिलं पाहिजे. म्हणजे तिथं पाहुण्याला यजमान आहे. सकाळी पोहे कुणीतरी करतं, रात्री उशीर झाला तर कुणीतरी विचारतं. गोव्यात तर पर्यटकाला खोली देणाऱ्यानं पर्यटन खात्याकडं नोंद करावी, हा कायदा १९८२ पासून आहे. शहरातल्या फ्लॅटचं तसं नाही. घर आहे, यजमान गायब आहे.

गंमत म्हणजे हा धंदा जगभर नेणाऱ्या एअरबीएनबीची सुरुवातही यजमानापासूनच झाली होती. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांना घरभाडं भरायला पैसे कमी पडत होते. गावात डिझायनरांचं संमेलन, हॉटेलं भरलेली. त्यांनी आपल्याच दिवाणखान्यात हवेच्या गाद्या टाकल्या, तीन पाहुणे ठेवले, सकाळी नाश्ता दिला. नावातली एअर म्हणजे हवेची गादी. पुढच्या वर्षी तिसरा मित्र घेऊन कंपनी निघाली. वरळीच्या गॅलरीतला आमचा पाहुणा आणि तो दिवाणखाना यांत फारसं अंतर नव्हतं, फक्त पैसे रोख होते. पुढं गादी गेली, नाश्ता गेला, आणि अनेक शहरांत घरात राहणारा मालकही गेला. न्यूयॉर्कनं सप्टेंबर २०२३ पासून नियम कडक केला, तो नेमका यावरच बोट ठेवणारा: तीस दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर यजमान त्याच घरात हजर हवा आणि पाहुणे दोनच. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४च्या जूनमध्ये त्याहून पुढं जाऊन जाहीर केलं, की शहरातल्या दहा हजारांवर पर्यटक-फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपतील, नूतनीकरण होणार नाही. तिथल्या लोकांचं म्हणणं होतं, राहायला घरं उरली नाहीत.

आता फ्लॅटच्या आत. आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. दोन न्हाणीघरं. सात माणसांच्या कुटुंबात याला काय किंमत आहे ते ज्यांनी लग्नघरात सकाळी रांग लावली आहे त्यांनाच कळेल. नळाला चोवीस तास पाणी, गीझर, एसी. पोरांनी वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून दिसणाऱ्या गाड्या मोजत पहिली संध्याकाळ घालवली. कुणी कुणाला 'हळू बोला, त्यांना झोपायचंय' म्हणत नव्हतं. सासूबाई दुपारी पदर बाजूला टाकून, पाय पसरून, परक्या गावात निवांत झोपल्या. "पाव्हण्याच्या घरी बाईमाणसाला आडवं होता येत न्हाई," त्या म्हणाल्या. हे मी लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. पाहुणचार करणारीचे हाल मला माहीत होते. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईलाही सतत उठून कामाला हात लावावा लागतो, भाजी निवडावी लागते, शेवटी जेवावं लागतं, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

फोटोतला 'प्रशस्त हॉल' मात्र भिंगाचा प्रताप होता. सोफा उघडून त्याचा पलंग केला की स्वयंपाकघरात जायला वाट उरत नव्हती. कपडे वाळत घालायला दोरी नाही. मुंबईतली हवा, सात जणांचे टॉवेल, आणि दोरी नाही! पतींनी शेवटी पडद्याच्या दांडीवर सोय केली. भिंतीवर इंग्रजीत नियमांचा कागद होता, त्यात हुक्का, मेणबत्ती आणि अगरबत्ती एकाच ओळीत मनाई केलेल्या. सासूबाईंना मी त्यातला हुक्का तेवढा वाचून दाखवला.

आणि स्वयंपाकघर. ज्याच्यासाठी फ्लॅट घेतला ते.

गॅस नव्हता, इंडक्शनची एक शेगडी होती. एक पातेलं, एक पसरट तवा ज्याचा थर उडालेला, चार बशा, वाइनचे सहा ग्लास. परात नाही, पोळपाट नाही, सांडशी नाही. सुरी अशी की टोमॅटो दबला, कापला गेला नाही. घरून आम्ही बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, गूळ, दोन किलो कांदे नेले होते. मुंबईला कांदे नेणाऱ्या बायका म्हणून आमच्यावर हसा. भाकरी जाळावर फुगते. इंडक्शनवर जाळ कुठला? जाऊबाई स्टीलच्या मोठ्या बशीत पीठ मळून, हातावर थापून, तव्यावरच ती फडक्यानं दाबदाबून फुगवत राहिल्या. एका शेगडीवर आधी पिठलं, मग भाकऱ्या, मग चहा. बाकीचे खिडकीतून मुंबई बघत होते.

दुसऱ्या दिवशी रात्री राणीच्या बागेतले पेंग्विन, सिद्धिविनायक आणि नव्या भुयारी मेट्रोची फेरी करून सगळे दमून आलो. ती मेट्रो त्याच ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली होती आणि पोरांना देवळापेक्षा तिच्या सरकत्या जिन्यांचं अप्रूप जास्त. पती सोफ्यावर बसत म्हणाले, "काही म्हणा, हॉटेलपेक्षा हे बरं. अगदी घरच्यासारखं." जाऊबाई तवा घासत होत्या. म्हणाल्या, "घरच्यासारखंच आहे भावजी. उठले, चहा केला, भाकऱ्या केल्या, भांडी घासली. गोठा तेवढा न्हाई."

त्यावर कुणी काही बोललं नाही. मला वाटतं, अशा फ्लॅटचा खरा हिशेब इथं लागतो. जाहिरातीत 'सुसज्ज किचन' ही सोय म्हणून छापलेली असते. ती कुणाची सोय? हॉटेलात राहिलो असतो तर पैसे जास्त गेले असते, सासूबाईंच्या पथ्याची पंचाईत झाली असती, पण जाऊबाईंना सुट्टी मिळाली असती. आम्ही वाचवलेल्या पैशांतला मोठा वाटा त्यांच्या हातांनी भरला. तिसऱ्या दिवसापासून दुपारचं जेवण डब्याचं मागवायचं ठरवलं. जवळच बायकांचं पोळी-भाजी केंद्र निघालं. परळ-लालबागला हे नवं नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा एकट्यानं राहणाऱ्या हजारो गिरणी कामगारांना खानावळी चालवणाऱ्या बायकांनीच जेवू घातलं, आणि त्यांनाच एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, पुढं गिरण्या गेल्या, टॉवर आले. पण या भागात परगावच्या माणसाला अजूनही पोळी मिळते, आणि ती कुणीतरी बाईच लाटत असते.

सांडशीसाठी मी समोरच्या फ्लॅटची घंटा वाजवली होती. साखळी लावूनच दार उघडलं गेलं. "तुम्ही त्या रोजच्या फ्लॅटमधले ना?" मी हो म्हटलं. नातेवाईक वगैरे बोलायचा धीर झाला नाही. सांडशी मिळाली, साखळी निघाली आणि बाई बोलत्या झाल्या. त्यांचा जन्म याच जागेवरच्या चाळीतला. पहाटे तीनला खडखडत येणाऱ्या बॅगा, चुकीच्या दाराची घंटा, एकदा लिफ्टमध्ये झालेली ओकारी, नववर्षाच्या रात्रीचा दंगा, सगळी यादी त्यांनी दिली. "तुमच्यासारखी फॅमिली आली की बरं वाटतं. पण रोज नवीन तोंड. पोरीला एकटीला घरी ठेवायचं म्हटलं की समोर आज कोण आहे ते आधी बघते." मी विचारलं, चाळीतही पाहुणे असायचेच की. "असायचे. डोक्याला ताप होता. पण कुणाचा पाहुणा ते माहीत असायचं. काही केलं तर कुणाला बोलायचं ते माहीत असायचं. यांचं कुणाला बोलू? अ‍ॅपला?"

हे ऐकल्यावर मला वॉचमनच्या प्रश्नाचा राग येईनासा झाला. तो गावच्या पारासारखाच चौकशी करत होता. उत्तर द्यायला कुणीतरी धनी असावा एवढीच त्या इमारतीची मागणी होती.

धनी शोधायचा मीही प्रयत्न केला. गीझर बंद पडला तेव्हा फोनवरचा तरुण स्वतः आला. पंचविशीचा, अदबशीर. फ्लॅट त्याचा नव्हता. मालक परदेशात, हा महिन्याच्या भाड्यानं घेतो आणि रात्रीच्या दरानं पुढं देतो. असे आणखी काही फ्लॅट त्याच्याकडं आहेत. रोज भरला तर बरं सुटतं, पावसाळ्यात खिशातून घालावं लागतं. सोसायटीचं विचारल्यावर त्यानं मान हलवली. "मॅडम, परवानगी मागितली की नाही येते. न मागता चालतं तोवर चालतं." करारात पोटभाडेकरू ठेवायला मुभा आहे का, हे विचारल्यावर तो गीझरकडं वळला.

त्यानं जाताना एक सांगितलं ते मात्र मनात राहिलं. त्याच्याकडं येणारे सगळेच सुट्टीवर नसतात. परळला टाटा रुग्णालय आहे, १९४१ पासूनचं. केईएम आहे, वाडिया आहे. महिनाभराचं रेडिएशन, दर तीन आठवड्यांची केमो, यासाठी जळगाव, नांदेड, पार बंगालमधून आलेली कुटुंबं हेच फ्लॅट घेतात. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा संस्था वर्षानुवर्षं हे काम अल्प दरात करत आल्या आहेत, पण तिथं जागा मिळायला नशीब लागतं. ज्यांना ती मिळत नाही आणि ज्यांच्याकडं थोडेफार पैसे आहेत, ते इथं येतात. त्यांच्यासाठी इंडक्शनची ती एक शेगडी चैनीची वस्तू नाही. पेशंटला पेज करून देता येते. आम्हाला लिफ्टमध्ये एक माणूस दोनदा भेटला होता, हातात एमआरआयचं मोठं पाकीट आणि दुधाच्या पिशव्या. पोरांनी त्याला विचारलं होतं, "तुम्ही पण फिरायला आलात?" तो हो म्हणाला होता.

निघायच्या दिवशी सकाळी अकराला घर मोकळं करायचं होतं. भांडी घासून ठेवा, कचरा ओला-सुका वेगळा करून खाली न्या, चादरी काढून एका कोपऱ्यात टाका, अशी सूचना होती. त्याशिवाय बिलात साफसफाईचे म्हणून आठशे रुपये वेगळे लावलेले. साफसफाई करणाऱ्या मावशी आम्ही निघायच्या आधीच आल्या. गोवंडीहून येतात. त्यांना एका फ्लॅटचे दोनशे मिळतात आणि चादरी धोब्याकडं जातात ते पैसे वेगळे, असं त्यांनी जाऊबाईंना सांगितलं. घासलेली भांडी बघून मात्र त्या थक्क झाल्या. "कुणीच घासत न्हाई हो," त्या म्हणाल्या. जाऊबाईंनी उरलेले कांदे, गूळ आणि अर्धी बरणी चटणी त्यांना दिली. वरळीच्या चुलत्यांना जात होती ती ढेप अशी योग्य ठिकाणी पोचली म्हणायची.

पैशाचं सरळ सांगते. मोबाइलवर रात्रीचा जो आकडा मोठ्या अक्षरात दिसतो तो आपण भरत नाही. त्यावर साफसफाई, त्यावर अ‍ॅपचा सेवा आकार, त्यावर जीएसटी. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढं बरं झालं. तरी आमचा शेवटचा आकडा पहिल्या आकड्याच्या सव्वापटीच्या पुढं गेला. एका रात्रीसाठी हा सौदा अजिबात परवडत नाही, कारण साफसफाईचे पैसे एका रात्रीलाही तेवढेच. तीन-चार रात्री आणि पाच-सहा माणसं असतील तर परवडतो. दोघंच असाल तर गुमान हॉटेलात जा. घेण्याआधी मालकाला लेखी विचारा, की सोसायटीला माहीत आहे का. उत्तर गोल आलं तर तुम्हालाही गेटवर कुणाचे तरी मेहुणे व्हावं लागणार. गॅस आहे की इंडक्शन, परात आहे की वाइनचे ग्लास, दोरी आहे का, हेही विचारा. आणि स्वयंपाक कोण करणार हे घरातून निघण्याआधी ठरवा. ते कुठल्याच अ‍ॅपवर विचारता येत नाही.

खुटबावला परतलो तर बातमी आमच्या आधी पोचलेली. मुलीनं गेटवेवरचा फोटो टाकला होता, तो भांडुपच्या मावसभाच्यांनी पाहिला. सासूबाईंना फोन आला. "मावशी, मी मेलो होतो का? मुंबईत येऊन भाड्याच्या घरात राहिलात?" सासूबाई अर्धा तास समजूत काढत होत्या. पोरं फार, सामान फार, तुझ्या लेकाची बारावी. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला खरंच अपराधी वाटलं. त्या घरानं सासऱ्यांच्या आजारपणात दीड महिना आमची माणसं ठेवून घेतली होती. असलं ऋण फ्लॅट घेऊन टाळता येतं, पण टाळलं हे समोरच्याला कळतंच.

दोन दिवसांनी त्यांच्या बायकोचा मला वेगळा फोन आला, दुपारी, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग आवाज खाली करून तिनं विचारलं, तो फ्लॅट किती पडला, न्हाणीघरं खरंच दोन आहेत का, आणि त्या मुलाचा नंबर मिळेल का. मे महिन्यात तिच्या दिराचं लग्न आहे. गावाकडून अकरा माणसं येणार आहेत.

मी नंबर पाठवला. खाली लिहिलं, परात घरून न्यावी लागेल.